उष्टा रेझर

“ते पातेलं आता परत ओट्यावर दिसता कामा नये,” बायकोनं जाहीर केलं. पातेलं ॲल्युमिनियमचं, बुडाला पोचे आलेलं. गेले सहा महिने ते मोडीत घालायच्या वस्तूंत होतं. पण मी त्यात तीन जुने रेझर ठेवून वरून गरम पाणी ओतलं, आणि नकोसं झालेलं ते भांडं एका क्षणात ‘आपलं चांगलं पातेलं’ झालं. “कोणाकोणाच्या दाढ्या त्या!” ती म्हणाली आणि तिनं खिडकी उघडली. वास कसलाच येत नव्हता.

कोणाकोणाच्या, हे मात्र खरं होतं.

निवृत्त झाल्यापासून महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ठाण्याहून सकाळची स्लो लोकल पकडायची, सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चोरबाजारात दोन तास काढायचे, हा माझा नेम आहे. इतर दिवशी मटण स्ट्रीटवरची दुकानं उघडी असतात, पण तिथला माणूस समोरच्याचा चष्मा बघून भाव सांगतो. शुक्रवारी ती दुकानं बंद आणि रस्त्यावर जुम्मा बाजार. चादरीवर मांडलेले चार्जर, एकेकटे बूट, मिक्सरची झाकणं, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम. अशा एका चादरीवर, नळाच्या तोट्यांच्या ढिगात, मला हे तिघे सापडले. तीनशे रुपयांत तीन. मी एक उचलून डोळ्यांजवळ नेला तशी विक्रेत्यानं तो माझ्या हातातून घेतला, आपल्या शर्टाला पुसला आणि परत दिला. “धो लेना साब. धोने से सब निकल जाता है.”

परतताना गाडीत बसायला मिळालं. पिशवी मी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली. आपण असं केलंय हे माझ्या ध्यानात आलं तोवर भायखळा मागे गेलं होतं.

मी एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. काचेची भांडी कशी धुवायची, कशानं काय विरघळतं, कशानं काय मरतं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. तेव्हा पिशवी पायाशी ठेवणारा माणूस प्रयोगशाळेतला नव्हता. तो कोण होता याचा विचार मी पुढचे आठ-दहा दिवस करत होतो, आणि दरम्यान रेझर घासत होतो.

तिघांची ओळख करून देतो. पहिला तीन तुकड्यांचा: वरची टोपी, मधली दातेरी पट्टी आणि खाली आट्यांचा दांडा. पितळेचा, इंग्लंडात बनल्याची खूण असलेला, वर सोन्याच्या मुलाम्याचे अवशेष. दुसरा अमेरिकी गिलेट. दांड्याच्या बुडाची फिरकी फिरवली की डोक्याच्या दोन पाकळ्या उघडतात, आतलं ब्लेड दिसतं, उलटी फिरवली की मिटतात. लहानपणी असा रेझर मी एका शेजाऱ्यांकडे बघितला होता आणि त्यांची दाढी होईपर्यंत दारात उभा राहायचो, त्या पाकळ्या उघडताना बघायला. तिसरा आपल्याकडचाच कुठला तरी बिननावी, ॲल्युमिनियमच्या दांड्याचा, सगळ्यात हलका. त्याच्या आट्या जाम झाल्या होत्या. पकडीनं फिरवला तेव्हा टोपी निघाली आणि आत ब्लेड होतं.

ब्लेड असेल असं मला का वाटलं नव्हतं, कोण जाणे. गंजून पट्टीला चिकटलेलं, आणि त्याच्या कडेला राखाडी, वाळलेला, खरवडून काढावा असा थर. त्या थरात केस होते. अगदी बारीक, मिठाच्या कणांएवढे, काही काळे आणि बरेचसे पांढरे.

मी रेझर वर्तमानपत्रावर ठेवला आणि जाऊन चहा करून आलो.

आपल्या भाषेत किळशीचा फार बारकाईनं हिशेब ठेवलेला आहे. तोंड लागलेलं ते उष्टं, न धुतलेलं ते पारोसं, कळकलेलं वेगळं आणि विटलेलं वेगळं. पण दुसऱ्याच्या गालाला लागलेल्या वस्तूला शब्द नाही, कारण अशी वस्तू आपण घेतोच कुठे? घरात बापाचा रेझरही मुलगा सहसा वापरत नाही. मी मनातल्या मनात या तिघांना ‘उष्टे’ म्हणू लागलो. व्याकरणात बसत नसेल, पण भावना नेमकी तीच होती.

आता तो राखाडी थर. लोकांना वाटतं ती नुसती घाण. ती रसायनाच्या दृष्टीनं बरीच सभ्य वस्तू आहे. साबण म्हणजे स्निग्धाम्लांचं सोडियम किंवा पोटॅशियमशी जुळलेलं रूप. पाण्यात कॅल्शियम असलं की साबण सोडियम सोडतो आणि कॅल्शियमला धरतो. जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या काठाला बसतं तेच हे किटण. पाणी जितकं जड तितकं किटण जास्त. आमच्या नौपाड्यात नळाला धरणाचं पाणी, त्यामुळे फारसं काही बसत नाही. बोअरच्या पाण्यावर असलेल्या एखाद्या सोसायटीत जाऊन बघा, बाथरूमच्या नळालाच पांढरी दाढी फुटलेली असते. त्या ॲल्युमिनियमच्या रेझरचा मालक, तो जो कोणी होता, जड पाण्याच्या गावचा होता. एवढं त्याच्याबद्दल खात्रीनं सांगता येतं. एवढं, आणि त्याचं वय.

हे किटण नुसत्या पाण्यानं जात नाही, स्पिरिटनं तर नाहीच. त्याला आम्ल लागतं. व्हिनेगर निम्म्यानं पातळ करायचं, रेझर त्यात पाच मिनिटं ठेवायचा, काढून भांड्याच्या साबणानं आणि मऊ जुन्या टूथब्रशनं घासायचा. पुन्हा लागलं तर पुन्हा पाच मिनिटं. रात्रभर बुडवून ठेवायचा मोह टाळायचा, कारण जे आम्ल कॅल्शियमला सोडवतं ते निकेलच्या पातळ थरालाही हळूहळू पोखरतं आणि खालचं पितळ उघडं पडतं. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा चालत नाही, काळं पडतं. ब्लीच तर कोणत्याच धातूला दाखवायचं नाही. त्यातला क्लोरीन चकाकीवर असे बारीक खड्डे पाडतो की पुढे त्याच खड्ड्यांत घाण बसते.

पाकळ्यांच्या रेझरचं दुखणं आत असतं. दांडा पोकळ, आत सळई, फटीफटीत साबण. तो उघडता येत नाही. त्याला सोसवेल इतक्या गरम साबणाच्या पाण्यात ठेवायचा, फिरकी उलटसुलट फिरवत राहायचं. पाणी गढूळ झालं की बदलायचं. मी सात वेळा बदललं. अशा रेझरसाठी ध्वनिलहरींचं ते छोटं यंत्र उत्तम. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना फटीतली घाण सोडवतात. माझ्याकडे यंत्र नाही, पण चष्मेवाल्यांकडे असतं. मी एका ओळखीच्या दुकानात गेलो. त्यांनी हौसेनं विचारलं, काय टाकायचंय? मी खरं सांगितलं. मग ते म्हणाले, यंत्र आजच बिघडलंय.

एकाची मात्र मी वाट लावली, तेही सगळं माहीत असताना. सोन्याच्या मुलाम्याचा तो इंग्लिश रेझर धुऊन झाला तेव्हा दांड्यावरचं सोनं जागोजागी पिवळंधमक दिसायला लागलं आणि मला हाव सुटली. अजून थोडं उजळलं तर? टूथपेस्ट घेतली आणि बोटानं चोळली. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, दाताच्या कवचाला ती सोसते. सोन्याचा मुलामा म्हणजे धातूवरची साय. दोन मिनिटांत फडक्यावर सोनं आलं आणि हातात पितळ राहिलं. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे गिलिटाचाच होता की!” गिलेट आणि गिलीट, हा विनोद तिनं मुद्दाम केला की तिच्या तोंडून झाला, हे मी अजून विचारलेलं नाही. देवाच्या समईला ती पितांबरी लावते (ती आमच्या ठाण्याचीच). पितळेला पितांबरी, चांदीला वेगळी पावडर आणि मुलाम्याला नुसता साबण आणि मऊ फडकं, एवढी साधी गोष्ट तिला विचारली असती तर वाचलो असतो.

पाकळ्यांच्या रेझरनं मात्र मेहनतीचं फळ दिलं. पोटातलं किटण निघाल्यावर, डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा वर आला: एफ २. गिलेटवाले त्या काळात रेझरवर वर्ष आणि तिमाही अशी सांकेतिक नोंद करत. एफ म्हणजे १९६०, दोन म्हणजे एप्रिल ते जून. त्या वर्षीच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. तेव्हा हा बोस्टनमध्ये कुठल्या तरी पट्ट्यावरून नुकता खाली उतरत असणार, किंवा उतरायचा असणार. मग हा चोरबाजारापर्यंत कसा आला, कोणत्या खलाशाच्या, कोणत्या व्यापाऱ्याच्या पेटीतून, ते त्याचं त्याला ठाऊक.

धुऊन झालं. आता मारायचं.

हा क्रम महत्त्वाचा आहे आणि लोक तो हमखास चुकवतात. किटण तसंच ठेवून वरून औषध ओतलं तर औषध किटणापाशीच थांबतं, खालचे जंतू सुखरूप राहतात. अंगण झाडल्याशिवाय कोणी रांगोळी घालत नाही. आधी घासणं, मग खळखळून धुणं, कोरडं करणं, आणि मग सत्तर टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण बुडवून दहा मिनिटं. केमिस्टकडे मिळतं. सत्तरच का, नव्व्याण्णव का नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत नव्यानं आलेला प्रत्येक मुलगा विचारायचा. जंतूंची प्रथिनं मोडायला अल्कोहोलला पाण्याची जोड लागते, आणि शुद्ध अल्कोहोल काम पुरं होण्याआधीच उडून जातं. पाणी घातल्यानं औषध कडक होतं, असं उदाहरण जगात फार नाही. काम करताना खिडकी उघडी आणि गॅस बंद, हे सांगायला नकोच.

दुसऱ्याच्या रेझरमधून खरी भीती असते ती रक्तातून येणाऱ्या विषाणूंची. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहतो, म्हणून तर घरातल्या घरातही रेझर एकमेकांचे वापरू नयेत. पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या, नंतर घासलेल्या, धुतलेल्या आणि अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या धातूवर तो उरत नाही. धनुर्वाताचं वेगळं. गंजानं धनुर्वात होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. गंज बिचारा निर्दोष आहे. त्या जंतूचं घर माती, आणि मातीत पडलेल्या लोखंडाला गंजही चढतो आणि मातीही लागते, म्हणून दोघांची नावं एकत्र घेतली जातात. त्याचे बीजाणू मात्र चिवट. अल्कोहोलला भीक घालत नाहीत, उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ पंधरा मिनिटं लागते. म्हणजे जवळजवळ प्रेशर कुकरच. कुकर मागायची माझी छाती झाली नाही. दहा वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं होतं, तेवढ्यावर भागवलं.

आणि ब्लेड? ते हातमोजे घालून पकडीनं सोडवलं आणि पत्र्याच्या डबीत टाकलं. त्यावर ‘सुपर’ एवढीच अक्षरं राहिली होती, पुढचं गंजानं खाल्लेलं. मी आपलं ठरवून टाकलं की ते सुपरमॅक्सचं. ती ब्लेडं आमच्या ठाण्यात बनायची. चोरबाजारातून एक ब्लेड माहेरी आलं म्हणायचं.

शनिवारपर्यंत तिन्ही रेझर खिडकीत ओळीनं उभे होते. स्वच्छ, कोरडे, पाकळ्यांच्या सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब. प्रयोगशाळेत असतो तर मी डोळे मिटून सही केली असती. रविवारी सकाळी मी तोंड धुतलं, फेस केला, एफ २ मध्ये नवीन ब्लेड घातलं, गालाजवळ नेलं आणि परत ठेवून दिलं. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या रेझरनं दाढी केली. सोमवारीही तेच. पुढचे आठ दिवस तेच.

गंमत म्हणजे, त्याच आठवड्यात माझ्या रोजच्या रेझरचं काडतूस मी भिंगाखाली बघितलं. पात्यांच्या मधल्या फटीत तोच राखाडी थर होता, त्यात तसेच बारीक केस, आणि पांढऱ्यांचं प्रमाण साधारण तेवढंच. त्याची मला काही किळस आली नाही. अंगठ्यानं काढून टाकलं आणि हात धुतला. रसायन तेच, केस तसेच. फरक एवढाच की ते माझे होते.

आमच्या आईचा एक नियम होता. केस कापून आलं की दारातूनच सरळ मोरीत. वाटेत पाणी प्यायचं नाही, पाटाला पाय लावायचा नाही, तिला तर शिवायचंच नाही. अंगाला बारीक केस लागलेले असतात म्हणून, असं ती सांगायची. पण एकदा मी टोचणारे केस झटकून, मान पुसून आलो तरी नियम तोच राहिला. कळायला लागल्यावर समजलं की तो नियम केसांचा नव्हता. ज्याच्या हातून ते कापले जायचे त्याच्या स्पर्शाचा होता. तो माणूस आमच्या सगळ्यांच्या डोक्याला, मानेला, कानामागे हात लावायचा, नवजात बाळाचं जावळ काढायचा, लग्नात त्याच्यावाचून अडायचं, आणि तरी त्याच्या हाताखालून आलं की आंघोळ. जुन्या स्मृतींतसुद्धा धातूची भांडी राखेनं, आम्लानं आणि पाण्यानं शुद्ध होतात असं सांगितलेलं आहे. रसायन म्हणून त्यात खोट काढता येत नाही, मी पातेल्यात वेगळं काय केलं? पण भांड्याला सूट देणाऱ्यांनी माणसाला दिली नाही. हे लिहिताना मला पायाशी ठेवलेली पिशवी आठवते आणि गाडीत ती पायाशी कोणी ठेवली याचा पत्ता थोडाफार लागतो.

रेझरचा इतिहास या गोष्टीपासून फार लांब नाही. गिलेटनं १९०३ मध्ये पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले, आणि युद्धाहून परतलेली ती पिढी आपली दाढी आपण करू लागली. आपल्याकडेही हळूहळू तेच झालं. रोज सकाळी दारी येणारा माणूस आठवड्यानं येऊ लागला, मग महिन्यानं केसांपुरता, मग आपणच त्याच्याकडे जाऊ लागलो. घरात एक पेटी आली: रेझर, ब्रश, साबणाची वडी, तुरटी आणि कोनाड्यात टेकवलेला आरसा. ब्लेड तर किती पुरवायचे! काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटानं दाबून घासायचं आणि आणखी चार दाढ्या काढायच्या. दाढीतून निवृत्त झालं की ते पेन्सिलीला टोक करायचं, शिवण उसवायचं आणि शेवटी आजोबांच्या पायाचं कुरूप कोरायचं. जंतूंचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. ते सगळं आपलंच होतं ना.

मी केस कापायला ज्याच्याकडे जातो तो आमचा सलूनवाला पंचेचाळिशीचा आहे. त्याच्या आधी तिथे त्याचे चुलते बसायचे. खुर्च्या दोन, आरशासमोर पांढरट डेटॉलच्या पाण्याची काचेची बरणी, तिच्यात कंगवे आणि कात्र्या. मी त्याला माझी अडचण सांगितली, म्हणजे सगळं मेलंय तरी हात पुढे जात नाही, ही. तो हसला नाही. वस्तऱ्यात घालायला ब्लेडचा कागद न काढताच ते उभं मोडून त्यानं दोन केलं, जसं आता सगळेच करतात, एकेका गिऱ्हाइकाला अर्धं अर्धं.

“हे कधीपासून सुरू झालं माहीत आहे का काका? एड्सपासून.”

मला आठवत होतं. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण चेन्नईत सापडले, आणि नंतरच्या काही वर्षांत सलूनच्या काचांवर ‘प्रत्येकास नवीन ब्लेड’ अशा पाट्या लागल्या. दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाजळायचा वस्तरा जाऊन मोडक्या ब्लेडचा वस्तरा आला. खुर्चीत बसणारा प्रत्येक जण मान वळवून खात्री करून घ्यायला लागला.

“अजूनही घेतात,” तो म्हणाला. “ब्लेड नवीन आहे ना, दाखव. दाखवतो. पण एक सांगू का? ब्लेडचं सगळे विचारतात. टॉवेलचं आजवर एकानंही विचारलेलं नाही.”

मी गळ्याभोवतीच्या टॉवेलकडे बघितलं. स्वच्छ होता. तरी बघितलं.

तो म्हणाला ते इतिहासातही घडलेलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत काही माणसांना चेहऱ्यावर अँथ्रॅक्सचे फोड आले, काही दगावली. शोध घेतला तर दोषी रेझर नव्हता, दाढीचा ब्रश होता. आशियातून आलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता ब्रशात घातलेले. ब्रिटननं १९२० मध्ये जपानहून येणाऱ्या ब्रशांवर बंदीच घातली. आणि तो ब्रश सगळा नवाकोरा, दुकानातून आणलेला, कोणाच्याही गालाला न लागलेला. उष्टा नव्हता.

म्हणून तर माझं म्हणणं आहे की जुना रेझर घ्या, जुना ब्रश घेऊ नका. धातू घासून निघतो. केसांच्या गाठीत काय बसलंय ते कळत नाही.

त्या संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारून घरी आलो आणि सकाळची वाट न बघता दाढी केली. एफ २ नं नाही. त्या ॲल्युमिनियमवाल्यानं, ज्यात केस सापडले होते. करायचीच तर त्यानंच, असं का वाटलं ते सांगता येणार नाही. हलका असल्यामुळे हात बसायला वेळ लागला. प्लॅस्टिकच्या रेझरसारखं दाबायचं नसतं, रेझरला त्याच्याच वजनानं उतरू द्यायचं असतं, आणि याला तर वजनच नव्हतं. हनुवटीच्या खाली एक ठिकाणी कापलं. तुरटी फिरवली. रक्त थांबलं, तोवर मी आरशात स्वतःकडे बघत होतो आणि त्या जड पाण्याच्या गावच्या माणसाचा विचार करत होतो. म्हातारा असणार. शेवटचं ब्लेड त्यानं काढलं नाही. विसरला असेल, किंवा पुढच्या दाढीला काढू म्हणाला असेल.

हनुवटी धुतली. किळस होती का? थोडी होती. सकाळपर्यंत गेली, की माझ्या रक्ताचा थेंब त्याच्या पट्टीला लागला तेव्हाच गेली, नक्की आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी तो रेझर नेहमीसारखा नळाखाली धरला, झटकला आणि माझ्या ब्रशशेजारी उभा केला. अल्कोहोल वगैरे नाही. आता तो माझा उष्टा होता.

एफ २ पण वापरतो, रविवारी. सोन्याचा पितळ झालेला तो इंग्लिश रेझर मात्र नजरेसमोर नकोसा झाला. तेव्हा मनात आलं, सलूनवाल्याला द्यावा. आरशाखालच्या फळीवर शोभेला ठेवील, जुन्या काळची वस्तू म्हणून. पुन्हा एकदा घासला, व्हिनेगर नाही, नुसता साबण. पुन्हा दहा मिनिटं अल्कोहोल. स्वच्छ रुमालात गुंडाळून नेला.

त्यानं रुमाल उलगडला आणि रेझर उजेडात धरून फिरवून बघितला.

“काका, यानंच तर आमचा रोजचा धंदा बसवला,” तो म्हणाला. “आणि तुम्ही मला तोच भेट देताय!”

मला काय बोलावं सुचेना. तो मात्र मनापासून हसत होता. खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही त्यानं दाखवला, टोपी उघडून, दातेरी पट्टी काढून, त्यातलं कसं काय चालतं ते सांगितलं.

“अरे, मी सगळा निर्जंतुक करून आणलाय,” मी म्हणालो. “काही काळजी करू नकोस.”

“हो हो, तुमचं काम पक्कं असणारच,” तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्यानं रेझरचे तिन्ही तुकडे, एकेक करून, डेटॉलच्या बरणीत सोडले.